कानाने फरशी बसवणारा

२ फेब्रुवारी

लांबच्या देशाला अर्ज करायचा झाला तर रोजच्या कामाची नोंद जोडावी लागते, म्हणून ही वही. आजचं काम: चौथा मजला, दोन न्हाणीघरं, जमीन आणि भिंती. पूर्ण.

खरं तर इथेच वही मिटायची. पण पान अर्धं कोरं राहिलं आणि कोरी जागा सोडून उठायची माझ्या हाताला सवय नाही. मी फरशी बसवणारा मिस्त्री. बावीस वर्षं हेच काम, त्यातली अकरा या परक्या देशात. इथे माणसाला राबायला घेतात, राहायला नाही. दर दोन वर्षांनी कार्ड नवं करून घ्यायचं, बायको-मुलीला आणायची सोय नाही, आणि ज्या दिवशी हात थकले त्या दिवशी घरचं विमान. म्हणून तिसरीकडे जायचं आहे. दोन देश कारागिराला कुटुंबासकट घेतात. एकात सहा महिने बर्फ असतो, तो थंडीचा देश. दुसरा नकाशाच्या पार टोकाला, तो लांबचा देश. दोघांतला कुठला, ते मी तीन वर्षं ठरवतो आहे. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत करायला एवढा वेळ घेतला नव्हता.

आता मात्र ठरवायलाच हवं. पोरगी जानेवारीत अठराची होते, मग तिला कुटुंबात धरत नाहीत. मला डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण होतात, आणि लांबचा देश त्यापुढे कारागीर घेत नाही. तिघांनी एका छपराखाली राहायचं असेल तर ते याच वर्षात.

९ फेब्रुवारी

सुट्टी. हिच्याशी फोनवर बोललो. बायको हल्ली फार हळू बोलायला लागली आहे. जरा मोठ्याने बोल म्हटलं तर म्हणते, मी ओरडतेच आहे, मघाशी शेजारीण विचारून गेली की तुमचं भांडण झालं का. म्हटलं, शेजारणीचे कान लांब आहेत. मग पोरीने फोन घेतला. तिचं म्हणणं, बाबा, तुम्ही कान दाखवून या. मी म्हटलं, आधी तुझी जीभ तपासून घेतो. हसली असावी.

कुठल्या देशात जायचं विचारलं, तर हिचं नेहमीचं, तुम्ही म्हणाल तिथे. अकरा वर्षांत मी दहा महिने सलग घरी राहिलेलो नाही, तरी मी म्हणेन तिथे. कधी कधी वाटतं तिने हट्ट धरावा, अमुकच ठिकाणी जायचं म्हणून रुसून बसावं. म्हणजे निदान एका देशाची बाजू तरी जड होईल.

फोन जुना झाला आहे. आवाज खरखरतो.

१७ फेब्रुवारी

काम: पाचवा मजला, दिवाणखाना. आज डोकं फिरलं.

साडूला माझ्या फरशीवर गुडघे टेकून बसलेला पकडला. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, रंगारी. याच इमारतीवर काम करतो आणि माझ्याच खोलीत समोरच्या पलंगावर झोपतो. हातात रंगाचा ब्रश उलटा धरून दांड्याने एकेक फरशी ठोकत होता आणि तीन फरश्यांवर पेन्सिलने खूण करून ठेवली होती. म्हणाला, दादा, या तीन काढून परत बसवा, टकटक्या यायच्या आत.

टकटक्या हा तपासनीस. लोखंडी कांडी घेऊन फिरतो आणि फरशी ठोकून बघतो. खाली माल, म्हणजे सिमेंट-वाळू, नीट भरला असेल तर फरशी भरीव बोलते, पोकळी राहिली असेल तर वेगळी बोलते. हे मला रंगाऱ्याने शिकवायचं. माझ्या उस्तादाचं वाक्य होतं, डोळा रेषेला आणि कान पोटाला. रबरी हातोड्याचा एक ठोका दिला की खालचं पोट भरलंय की उपाशी आहे ते मला सांगता येतं. अख्ख्या साइटवर मला कानाने फरशी बसवणारा म्हणतात.

मी तिन्ही ठोकून पाहिल्या. भरीव. तरी त्याचं समाधान व्हावं म्हणून काढल्या. तिन्हींच्या खाली तळहाताएवढ्या पोकळ्या निघाल्या. माल पातळ कालवला होता. कालवणाऱ्याला फैलावर घेतला.

६ मार्च

पलीकडच्या खोलीतला सुतार भांडायला आला. म्हणे तुमच्या टीव्हीने भिंतीचे खिळे निघतील. त्याच्या भिंतीला एक खिळा आहे, त्याला त्याची पँट लटकते. आवाज कमी केला, मग चित्रं बघत बसलो. साडूही बिचारा माझ्याबरोबर चित्रं बघत बसला. सकाळीही तोच हात लावून उठवतो. घड्याळाचा गजर पूर्वीसारखा राहिला नाही.

पेन्सिलीच्या खुणा रोज सापडतात. कधी दोन, कधी पाच. मी आता वाद घालत नाही, काढतो आणि बसवतो.

२१ मार्च

काम लिहीत नाही आज. साडूला थंडीच्या देशाचं बोलावणं आलं. आठ एप्रिलला जायचं. बायको आणि दोन मुलं मे महिन्यात मागून जातील.

इथे खोटं लिहून कोणाला फसवायचं? जळलो. चार वर्षांपूर्वी मी त्याला इथे आणला, ब्रश कसा धुवायचा इथपासून तो लोकांची बोलणी खायचा तेव्हा मी मध्ये पडायचो, आणि हा कानामागून आला आणि तिखट झाला. मी तीन वर्षं दोन देशांचा अभ्यास केला. त्याने मुकादमाच्या मेहुण्याकडून अर्ज भरून घेतला, कारण याला स्वतःला चार ओळी लिहायच्या तर घाम फुटतो, आणि एका देशाचं नाव टाकून मोकळा झाला. मी त्याला चिडवायचो, की तिथे बर्फाला रंग देणार का. आता कोणाला चिडवू?

संध्याकाळी तो जवळ येऊन बसला. म्हणाला, तिथे बस्तान बसलं की तुमच्यासाठी बघतो. मी म्हटलं, मला लांबचा देश घेतो आहे, माझी काळजी नको. असं म्हणताना ठरून गेलं की लांबचा देश. तीन वर्षांचं कोडं रागाच्या भरात सुटलं.

८ एप्रिल

साडूला बसपाशी पोचवायला गेलो. बसचं इंजिन चालू होतं, सामान चढवणारे आरडाओरड करत होते. तो माझ्याशी बराच वेळ बोलला. एवढा तो चार वर्षांत मिळून बोलला नसेल. बोटं मोजून काहीतरी सांगत होता, मध्येच माझ्या कानाकडे हात केला, मध्येच डोळे पुसले. मी मान हलवत होतो. त्या गोंगाटात कोणाला काय कळणार, आणि जाताना माणूस काय बोलतो ते ठरलेलंच असतं. तब्येत सांभाळा, घरी फोन करत जा.

शेवटी त्याने माझे दोन्ही खांदे धरले, तोंडासमोर तोंड आणलं.

"दादा, कळलं ना सगळं? नक्की ना?"

"कळलं रे. नक्की."

तेव्हा कुठे त्याने सोडलं. बसमध्ये बसल्यावरही खिडकीतून तीन बोटं दाखवून वर शून्य काढून दाखवत होता. मीही हात हलवला. खोलीत आलो तर समोरचा पलंग उघडा. राग कधीच उतरला होता, पण तसं त्याला सांगायचं राहून गेलं.

१९ एप्रिल

काम: सहावा मजला, गॅलऱ्या.

साडू पोचला. लिहिता येत नाही म्हणून फोनवर बोलून निरोप पाठवतो, एकेक दोन-तीन मिनिटांचा. हा फोन कामातून गेला आहे, नुसतं पाण्यात बोलल्यासारखं. अधूनमधून त्याचं दादा, दादा तेवढं कळतं. मी उत्तरादाखल अंगठा पाठवतो. बायकांना वाटायला नको की मी जळतो आहे.

२९ एप्रिल

टकटक्याने आज सहाव्या मजल्यावर खडूने फुल्या मारल्या. साठ फरश्यांपैकी एकतीस. मी एकतीसच्या एकतीस त्याच्यासमोर ठोकून दाखवल्या. भरीव आहेत म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं, मग आपली कांडी माझ्या हातात दिली, पुन्हा घेतली आणि निघून गेला. चार वर्षं या माणसाने माझ्या कामाला बोट लावलं नव्हतं. साडू गेल्यापासूनच बरं फुल्या सुरू झाल्या. कोणीतरी त्याचे कान भरलेत.

१४ मे

मुकादमाने बोलावून खुणेने सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर बघ. तोंडाने सांगायला काय झालं होतं कोण जाणे.

लांबच्या देशाची परीक्षा चोवीस तारखेला आहे. चार हात लांब, तीन हात रुंद जमीन, त्यांच्यासमोर बसवायची. ती मी डोळे झाकून बसवीन.

२० मे

हिचा लेखी निरोप: "भाऊजींनी सांगितलेलं केलंत का? महिनाअखेर जवळ आली." हीसुद्धा आता फोन न करता लिहून पाठवते. संसार असा थंड होत जातो.

भाऊजींनी काय सांगितलं होतं, ते देवाला माहीत. काहीतरी किरकोळ असणार. विचारावं असं वाटलं, पण मग तो म्हणेल, बसपाशी एवढं घोकून घेतलं ते काय झालं, आणि हा म्हातारा झाला म्हणून दोघी बहिणी हसतील. केलं, असं लिहून टाकलं. तिने लगेच पाठवलं, "खूप बरं वाटलं. मी काही बोलत नव्हते, पण मला तेच हवं होतं." कशाबद्दल म्हणते कळलं नाही, पण वाचून छान वाटलं. चार वेळा वाचलं.

२४ मे

परीक्षा दिली. आम्ही सहा जण होतो. मी सगळ्यांत आधी उठलो. रेषा पाहून परीक्षक थांबला, मान डोलावली. सांध्यात नख जाईल तर शपथ. ठोके देताना हात उस्तादासारखा चालत होता. उद्या-परवा माल सुकला की ठोकून बघणार आहेत.

तिथली घरं म्हणे ऐसपैस असतात, एकेका घरात तीन न्हाणीघरं. पहिलं आपल्याच घरातलं करायचं. पोरीला विचारून रंग घ्यायचा.

२६ मे

नापास.

अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस पोकळ. परीक्षक ठोकायचा आणि माझ्याकडे बघायचा, जणू काय म्हणतो आहे, ऐकलंस ना? मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही. मी जमिनीला कान लावून ठोकलं. मग त्याने एक उचकटून दाखवली, खालचं पोट रिकामं होतं. पुढची परीक्षा जानेवारीत. तेव्हा माझे पंचेचाळीस झालेले असतील.

घरी कळवलं नाही.

११ जून

कंपनीने दवाखान्यात पाठवलं. मुकादमाने चिठ्ठीच लिहून दिली होती.

एका काचेच्या पेटीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो. काचेपलीकडे बाई आपल्या कामात, यंत्राकडे बघते, माझ्याकडे बघते. म्हटलं, सुरू करेल सावकाश. दोन-तीनदा काहीसं आल्यासारखं वाटलं तेव्हा दाबलं. मग ती दार उघडून आली आणि यंत्र काढायला लागली. मी म्हटलं, अहो, अजून सुरू कुठे केलंत? ती बाई तरुण होती, पोरीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिने यंत्र हातात तसंच धरलं आणि खाली बघितलं.

डॉक्टरने कागदावर लिहून समजावलं. उजवा कान गेला. डावा निम्म्याच्या खाली. पाच-सहा वर्षांपासून हळूहळू जातो आहे. फरशी कापायचं मशीन बावीस वर्षं कानाशी चालवलं, कानात कधी काही घातलं नाही. कान झाकले तर फरशीचं पोट ऐकू येत नाही, असं आम्ही म्हणायचो.

पाच-सहा वर्षं. म्हणजे साडू फरश्या ठोकत फिरायचा, तो आगाऊपणा नव्हता. चार वर्षं तो माझे कान होऊन माझ्यामागे चालला आणि मी त्याला रंगारी म्हणून हिणवलं. लाज वाटते हे लिहिताना.

१३ जून

काम: गोदाम. पोती आली की खुणा करायच्या. नोव्हेंबरात कार्ड संपतं, नवं करणार नाहीत. तसं लिहून दिलं आहे.

१९ जून

साडूचा लेखी निरोप आला. पहिल्यांदाच. एकेक अक्षर कोरल्यासारखं आणि वाकडं: "दादा तुमचे कागद नाही आले. मालकाने तीस मे धरून वर दहा दिस वाट बघीतली. दुसरा मानूस घेतला. नको होत तर बसपाशी हो कशाला म्हनलात."

कुठले कागद? तास-दीडतास फोन नुसता हातात धरून बसलो. मग उठलो आणि पलीकडच्या सुताराकडे गेलो, ज्याच्याशी टीव्हीवरून भांडलो होतो. म्हटलं, हे साडूचे निरोप ऐकून मला लिहून दे. त्याने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. कागद नव्हता, प्लायवूडचा तुकडा मांडीवर घेतला, कानावरची पेन्सिल काढली. निरोप अकरा होते. एकेक दोन-तीनदा लावून त्याने दोन्ही बाजू भरल्या.

तो तुकडा समोर आहे. साडूचा पहिला निरोप वहीत उतरवून घेतो.

इथे एका मोठ्या वसाहतीची देखभाल आहे. गळती, दारं, किरकोळ रंग. फरशीचं काम नाही, कानाचं काम नाही. राहायला दोन खोल्या मिळतात, वहिनी आणि पोरगी पहिल्या दिवसापासून बरोबर. मालकाला मी आधीच सांगून ठेवलं की माणसाला ऐकू कमी येतं, पण हात सोन्याचे आहेत. तो म्हणाला, भिंती काय बोलतात थोड्याच, चालेल. फक्त पासपोर्टची प्रत, फोटो आणि कामाचा दाखला तीस मेच्या आत पाठवा. बसपाशी बोललो तेच परत सांगतो आहे, म्हणजे विसरायला नको. लांबच्या देशाच्या परीक्षेला बसू नका, दादा, ते ठोकून बघतात.

पुढचे सगळे तेच, दर खेपेला जरा जास्त मोठ्या आवाजात. असं सुताराने कंसात लिहिलं आहे. आणि प्रत्येकाखाली माझा अंगठा.

तेल गेलं, तूप गेलं. मला दोन्ही देशांनी नाकारलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या आणि जेवून झोपलो असतो. एका देशाने तर दार उघडून धरलं होतं, आणि मी उंबऱ्यावर उभा राहून मान डोलावत होतो.

२१ जून

हिचा निरोप. सबंध उतरवून ठेवतो, कारण फोनचा भरवसा नाही.

"बहिणीकडून कळलं, तुम्ही कागद पाठवलेच नाहीत. मी घरातलं काय कोणाला द्यायचं ते ठरवत होते. पोरीने इथल्या कॉलेजात नाव घातलं नाही, तुम्ही केलं म्हणालात म्हणून. मला थंडी चालली असती, काहीही चाललं असतं. आम्ही तिथे नको असू तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. आणि दुसरं काही असेल तर तेही सांगा. तुम्ही सांगायची वाट मी खूप दिवस बघते आहे."

पहिल्यांदा उत्तर लिहिलं ते खरं होतं. मला ऐकू येत नाही, मी बसपाशी एक अक्षर ऐकलं नाही, तरी हो म्हणालो, आणि नोव्हेंबरात काढून टाकणार आहेत. वाचून पाहिलं. ते वाचणारी ती दिसली, आणि तिच्या तोंडावरची कीव दिसली. पुसून टाकलं. दुसऱ्यांदा लिहिलं, कागद टपालात हरवले. तेही पुसलं. वाईट नवरा असलेलं मी सोसेन, बिचारा नवरा होणं जमणार नाही. तिला काहीच माहीत नाही ते बरं आहे.

शेवटी पाठवलं: "थंडी मला मानवणार नाही. विचार करूनच कागद पाठवले नाहीत. पोरीचं नाव पुढच्या वर्षी घालू."

तिने वाचल्याची खूण लगेच आली.

२२ जून

काम: गोदाम. तीन गाड्या, सिमेंट.

दुपारच्या सुट्टीत पोत्यांवर बसून भाकरीचा तुकडा मोडला तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. हिचा फोन. मार्चपासून ती लिहूनच पाठवते, आज फोन. पडद्यावर तिचा आणि पोरीचा फोटो, दोघी उन्हात डोळे बारीक करून उभ्या. थांबला. परत थरथरला. पुन्हा थांबला आणि पुन्हा. पाच वेळा मोजलं.

आता हे लिहितानाही तो वाजतो आहे, म्हणजे हाताला कळतं आहे. काहीतरी महत्त्वाचं विचारायचं असेल, त्याशिवाय ती एवढं करणार नाही. मी उचलणार नाही. उचलला तर ती काय विचारते ते मला कळणार नाही, आणि मी हो म्हणेन.